लाल बाटलीची नळी

१

शैलेंद्र आल्याच्या वाफ्यात पालथा पडला तेव्हा मी त्याच्याकडे पाठ फिरवून निंदत राहिले. अमेरिकेत, पार्सिपनीत जन्मलेल्या या मुलाला कामाचा कंटाळा आला की तो मरून पडायचा, आणि आपण घाबरून जवळ गेलो की डोळे उघडून हसायचा. आधी फसले होते, पुन्हा फसायचं नव्हतं. पण थोड्या वेळाने त्याच्या घशातून जो आवाज आला, तो सोंगाचा नव्हता.

वळून बघितलं तर त्याच्या तोंडातून लाळेची धार लागली होती. अंग घामाने निथळत होतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मी किंचाळले. पपईच्या रांगेतून मुकादम केंजी धावत आला, मागोमाग मालक वॉल्ट. वॉल्टने त्याला पोत्यासारखं उचलून पिकअपमध्ये घातलं आणि हिलो शहरातल्या इस्पितळाकडे गाडी सोडली. मी तिथेच चिखलात बसून राहिले. शेजारी माझी लाल बाटली आडवी पडली होती.

सत्त्याऐंशी सालचा ऑगस्ट होता. हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावर, राखीव जंगलाच्या पोटात, वॉल्ट आणि लोर्ना या नवराबायकोची सेंद्रिय शेती होती. मी मूळची नागपूरची. मिनेसोटात मातीवर एम.एस. करत होते आणि उन्हाळ्यात तिथे इंटर्न म्हणून आले होते, शैलेंद्रही तसाच. इंटर्न म्हणजे काय, तर फुकटचा गडी. राहायला पत्र्याचं खोपटं, जेवायला अळूचे कंद आणि दिवसभर हातात खुरपं. मिनेसोटातच, ईडन प्रेरीत राहणारा माझा प्रतापदादा म्हणाला होता, की खुरपंच चालवायचं होतं तर नागपूर काय वाईट होतं? मला तेव्हा राग आला होता. आता वाटत होतं, त्याचं ऐकायला हवं होतं.

कारण ते जंगल मला पहिल्या दिवसापासून नीट वाटलं नव्हतं. माणसापेक्षा उंच नेच्यांची झाडं, त्यांच्यामागे काळोख आणि सदानकदा टपटपणारं पाणी. शेताच्या कडेला उभं राहिलं की कुणीतरी आतून आपल्याकडे बघतंय असं वाटायचं. शैलेंद्र म्हणायचा, "सुलेखा, यू आर सच अ चिकन."

संध्याकाळी इस्पितळातून फोन आला. लोर्नाने तो घेतला आणि ऐकता ऐकता ती खुर्चीवर बसली. शैलेंद्र शुद्धीवर नव्हता. त्याला विषबाधा झाली होती, आणि विष होतं पिकांवरच्या किड्यांवर फवारायचं औषध. ज्या शेतात डासांचं मलमसुद्धा आणायला बंदी होती, तिथे फवारणीच्या औषधाने एक धडधाकट मुलगा मरायला टेकला होता. आणि दिवसभरात तो फक्त माझ्या बाटलीतलं पाणी प्यायला होता.

२

दुसऱ्या दिवशी पोलीस अधिकारी आला. जाडजूड, शांत माणूस. त्याच्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली.

त्याने सगळं क्रमाने विचारलं. शेतातल्या प्रत्येकाला लोर्नाने प्लॅस्टिकची एकेक बाटली दिली होती. प्रत्येकाचा रंग वेगळा, वर रंगाने नाव. झाकणातून एक नळी वर यायची, ती तोंडात धरून पाणी ओढायचं. लोर्ना संध्याकाळी बाटल्या धुवायची, सकाळी भरून ओसरीवरच्या खुंट्यांना लावायची. आमची न्याहारी होईस्तोवर त्या तिथेच लटकलेल्या असायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या कुणाचाही हात तिथे पोचत होता.

शैलेंद्रची निळी बाटली दुपारच्या सुमारास केंजीच्या हातगाडीखाली येऊन फुटली. म्हणून त्याने माझी मागितली आणि मी दिली.

मग अधिकाऱ्याने सांगितलं की बाटलीतलं पाणी अगदी स्वच्छ निघालं. विष होतं ते फक्त नळीच्या तोंडाशी, जिथे ओठ लागतात तिथे.

"त्याच्या आधी तुम्ही याच बाटलीतून प्यायलात?"

मी हो म्हणाले.

"मग तुम्हाला काहीच कसं झालं नाही?"

आता या माणसाला काय सांगायचं? लहानपणी तांब्याला तोंड लावलं म्हणून आईने पाठीत धपाटा घातला होता, तेव्हापासून मी कुठल्याही भांड्याला तोंड लावून पाणी पिऊ शकत नाही, हे? मी झाकण नळीसकट फिरवून काढायचे, मान मागे टाकायचे आणि वरून पाण्याची धार तोंडात सोडायचे. बाटली माझी, नाव माझं, तरी ती नळी तोंडात घालायची कल्पनाच मला किळसवाणी वाटायची. उष्टं म्हणजे काय हे मी इंग्रजीत समजावू लागले आणि ऐकता ऐकता मलाच ते खोटं वाटू लागलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

त्याने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे त्या नळीने तुम्हाला काही होणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही होईल, हे तुम्हाला माहीत होतं."

त्याने माझा पासपोर्ट मागून घेतला आणि बेट सोडू नका म्हणून बजावलं. तो जातो न जातो तोच फोन वाजला. शैलेंद्रची आई, पार्सिपनीच्या शोभाकाकू, विमान पकडायला निघाल्या होत्या. ही बाई जूनमध्ये मला फोनवर म्हणाली होती, की तू आहेस म्हणून पाठवतेय त्याला.

या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, "काय पाजलंस गं माझ्या मुलाला?"

३

हिलोच्या त्याच इस्पितळात सुमित्रामावशी पॅथॉलॉजिस्ट होत्या. माझ्या आईची कॉलेजातली मैत्रीण. मोठं कुंकू, पायात कॅनव्हासचे बूट, गालात लवंग आणि जिभेवर तिखट. बेटावर माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं. माझा रडका फोन गेला तशा त्या जुन्या गाडीतून पावसात येऊन दाखल झाल्या, आणि ओसरीवर खुर्ची टाकून एकेकाशी बोलत बसल्या. मला त्यांनी कोपऱ्यात बसवलं आणि तोंड उघडायची मनाई केली.

वॉल्ट आधी आला. त्याचं शैलेंद्रशी गेल्याच आठवड्यात भांडण झालं होतं. शैलेंद्रच्या पिशवीत डासांचा फवारा सापडला तेव्हा वॉल्टने तो सगळ्यांसमोर खड्ड्यात फेकला होता आणि त्याला घरी पाठवायची धमकी दिली होती. मावशींनी ते विचारलं तर तो लाल झाला. म्हणाला की मी रागावतो, ओरडतो, पण विष घालत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला की या मुलीला आम्ही धबधबा म्हणतो, ती पाणी पिते तेव्हा बघत राहावंसं वाटतं.

केंजी जन्मभर उसाच्या मळ्यात राबलेला. फवारणीची सगळी औषधं त्याने हाताळली होती आणि त्याच्या घरामागे फवारणीचा जुना पंपही होता. तो अगदी थोडं बोलला. माझ्यासारखं वरून पाणी प्यायचा प्रयत्न एकदा आपणही केला आणि सगळा सदरा भिजवला, एवढं सांगताना मात्र हसला. शैलेंद्रची बाटली आपल्या गाडीखाली आली याचं त्याला फार वाईट वाटत होतं. मला ते वाईट वाटणं खरं की खोटं हेच कळेना.

लोर्नाची मला सगळ्यात भीती वाटत होती. बाटल्या भरणारी तीच. शेतात ती कधी पाऊल टाकायची नाही, आणि आम्ही इंटर्न तिला नकोसेच होतो. स्वयंपाकघरात उभी राहून ती माझ्याकडे अशी बघायची की घास घशाखाली उतरायचा नाही. ती मावशींना म्हणाली की या मुलीमुळे कामच वाढतं. हिच्या नळीत मुंग्यांनी घर केलं होतं, कारण ती नळी कधी वापरतच नाही. रोज तपासून बघावी लागते. काल सकाळी भरतानाही बघितली, तेव्हा कोरडी ठणठणीत होती.

शेवटी डेल आला. तो राखीव जंगलाचा रेंजर. सकाळची फेरी सुरू करायच्या आधी आमच्याकडे कॉफी प्यायला थांबायचा, त्या सकाळीही थांबला होता. शेताच्या हद्दीपलीकडे मला ओहिया या तिथल्या जातीची काही मोठी झाडं उभ्याउभ्या वाळलेली दिसली होती. खोडाची साल गोल सोललेली. ते मी डेललाच सांगितलं, कारण जंगलाचा राखणदार तोच. हरतालिकेच्या दिवशी तो माझ्यासोबत आख्खा दिवस तिथे फिरला होता. रानडुकरांचं काम दिसतंय, म्हणाला होता. डुकरं अशी सरळ कडेची गोल पट्टी सोलत नाहीत, हे सुरीचं काम आहे, असं मी म्हटल्यावर हसून म्हणाला की बघतो, तोवर कुणाला सांगू नकोस. मी म्हटलं, माझ्या युनिव्हर्सिटीच्या रिपोर्टमध्ये मात्र लिहीन.

मावशींशी तो अदबीने बोलला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की या घरात एकटी राहू नकोस, लागेल तेव्हा तुला हिलोला सोडतो. त्या दोन दिवसांत माझ्याशी इतकं मायेने कुणीच बोललं नव्हतं. मला रडू आलं.

मावशी उठल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. मला गाडीपाशी नेऊन त्यांनी हळूच विचारलं, "शैलेंद्रची बाटली फुटणार हे सकाळी कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. ती तर दुपारी फुटली."

"आणि ते औषध तुझ्या नळीला कधी लावलं असेल? पोलिसांनी ती नळी आमच्याच लॅबमध्ये तपासायला दिली, मी स्वतः बघितलंय. सुकून त्याचा चिकट थर झाला होता. काही तास तरी आधी. म्हणजे ती बाटली खुंटीला होती तेव्हाच." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "पोरी, त्याच्यासाठी नव्हतंच ते. तुझ्यासाठी होतं."

४

त्या मला बरोबर नेत होत्या, पण माझी जागा बदलायची तर आधी पोलिसांना विचारायला हवं होतं. उद्या सकाळी परवानगी काढते आणि तुला घेऊन जाते, म्हणाल्या. तोवर मी खोपटाच्या दाराला पलंग लावून बसले. माझी पाचावर धारण बसली होती. याच घरातल्या कुणालातरी मी मरायला हवी होते, आणि सकाळी त्यांच्याच हातचं खायचं होतं. पावसाचा थेंब पत्र्यावर पडला तरी मी दचकत होते.

सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा लोर्ना पपई सोलत होती. कॉफीला मी हात लावला नाही. वॉल्ट आणि केंजी पायरीवर बसून चिखलाचे बूट चढवत होते. इतक्यात डेलची जीप आली. तो म्हणाला की तुझ्या मित्राची आई हिलोला पोचली आहे, मी तिकडेच निघालोय, चल, तुला इस्पितळात सोडतो. मला एवढं हायसं वाटलं की मी लगेच पिशवी आणायला वळले.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. मावशी होत्या.

"सुलेखा, मी विचारते त्याची फक्त उत्तरं दे. मराठीत बोल. जो तुला वरून पाणी पिताना बघतो, तो तुला मारायला नळीला विष लावेल का?"

"नाही. मी नळीला तोंड लावत नाही हे त्याला माहीत असणार."

"मग असा कोण आहे, ज्याला हे माहीत नाही? वॉल्टला?"

"माहीत आहे. तो मला धबधबा म्हणतो."

"केंजीला?"

"त्यालाही. सदरा भिजवला त्याने."

"लोर्ना शेतात येत नाही. पण तुझी नळी कोरडी असते, हे तिनेच मला सांगितलं. मग उरलं कोण?"

दारातून डेलने जीपच्या किल्ल्या वाजवून मला खुणावलं. मी मान हलवली, एक मिनिट म्हणाले.

"डेल," मी म्हणाले. "पण मावशी, तो आख्खा दिवस जंगलात माझ्यासोबत होता. त्याने बघितलंच असेल की."

"पाणी प्यायलीस त्या दिवशी?"

त्या दिवशी हरतालिका होती. निर्जळी उपास. चांगला नवरा मिळावा म्हणून आईने वचन घेतलं होतं, आणि मिनेसोटात आल्यावर मोडलेला तो उपास त्या वर्षी हट्टाने केला होता. डेलने त्याचा थर्मास पुढे केला तेव्हा मी तहान नाही म्हणाले होते. दिवसभर त्याच्यासमोर माझ्या घशात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

"मावशी," मी म्हणाले, "तो इथेच उभा आहे. मला गाडीतून न्यायला आलाय."

मावशी अगदी सावकाश बोलल्या. "चेहरा बदलू नकोस. तू मला सांगितलेली ती सोललेली झाडं आठव. करवत चालवली तर आवाज होतो, साल सोलली तर झाड गपचूप मरतं आणि खाली ऊन पडतं. त्या उन्हात हा काहीतरी पिकवतोय, आणि तू ते युनिव्हर्सिटीला कळवणार होतीस. त्याच्या गाडीत बसायचं नाही. मी पोलिसांना फोन करते. आणि ऐक, त्या तिघांना घाबरू नकोस. आत्ता तेच तुझे आहेत."

फोन बंद झाला.

डेल हसून म्हणाला, "रेडी?" माझ्या घशाला खरोखरच कोरड पडली होती. लोर्नाने मला दिलेली नवी हिरवी बाटली टेबलावर होती. का ते मला आजही सांगता येणार नाही, पण मी ती उचलली, झाकण नळीसकट काढलं, मान मागे टाकली आणि वरून पाणी प्यायले.

लोर्नाने पपईवरून नजर उचलली नाही. केंजी बुटाची नाडी बांधत राहिला. त्यांना त्यात नवं काय होतं? डेल मात्र बघतच राहिला. किल्ल्या वाजवणारा त्याचा हात थांबला.

"तू नेहमी असंच पितेस?" त्याने विचारलं.

"आली त्या दिवसापासून," वॉल्ट हसत म्हणाला. मग त्याने डेलच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू मावळलं.

मी इंग्रजीत म्हणाले, "मी याच्यासोबत जाणार नाही." डेल एक पाऊल पुढे आला, म्हणाला की बिचारी फार घाबरली आहे, मी नेतो तिला, आणि त्याने माझं मनगट धरलं. मनगटाचं हाड दुखलं इतकं घट्ट.

तेव्हा लोर्ना उठली. हातात पपईची सुरी तशीच. ती काही मोठ्याने बोलली नाही. माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तिला मी सोडते. हात काढ." पायरीवरून वॉल्ट आणि केंजी दोघंही उठले होते.

डेलने हात काढला. तो पावसात निघून गेला आणि जीप सुरू झाल्याचा आवाज आला. जंगलातून बाहेर पडणारा रस्ता एकच होता. त्या रस्त्यावर पोलिसांनी त्याला अडवलं. वाळलेल्या झाडांच्या मधोमध गांज्याचा मळा निघाला, आणि मळ्यात औषधाचा डबा. त्या वर्षी बेटावर गांजा शोधत हेलिकॉप्टरं फिरत होती. त्यांना राखीव जंगलातल्या जागा दाखवायचं काम डेलचंच होतं.

मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले. लोर्नाने माझ्यापुढे कॉफी ठेवली. मी ती प्यायले.

५

दुपारी लोर्नाने मला इस्पितळात सोडलं. मावशी दारातच भेटल्या. शैलेंद्रने सकाळी डोळे उघडले होते, पण बोलत नव्हता. पुढे कसं काय होईल ते डॉक्टर आत्ता सांगू शकत नव्हते.

शोभाकाकू बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. अंगावर प्रवासातलीच चुरगळलेली साडी. मावशींनी त्यांना सगळं सांगितलेलं होतं: मी विष घातलं नाही, पासपोर्ट परत मिळेल, माझ्यावरचा संशय गेला. मला वाटलं होतं, हे कळलं की सगळं संपेल. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि "काकू" म्हणाले.

त्यांनी वर बघितलं.

"म्हणजे ते तुझ्यासाठी होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुझ्यावरचं माझ्या पोरावर आलं."

पोलिसाला देता आली असती अशी शंभर उत्तरं माझ्याकडे होती. मी निर्दोष होते. मी फक्त तहानलेल्या मुलाला पाणी दिलं होतं. पण त्या जे म्हणाल्या ते खरं होतं, आणि मावशींच्या सगळ्या हुशारीने त्यातला एक शब्दही खोटा ठरत नव्हता. मी ढसाढसा रडायला लागले. दोन दिवसांची सगळी भीती एकदम बाहेर आली.

काकूंनी मला जवळ घेतलं नाही. डोळेही पुसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी बाकावरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि बाजूला सरकल्या.

"बस," त्या म्हणाल्या. "तो विचारेल तुझं."

मी त्यांच्या शेजारी बसले. आतून नर्स बाहेर येईपर्यंत आम्ही दोघी त्या बंद दाराकडे बघत राहिलो.